वहिवाट, हक्क आणि मेहेरबानी : बोपखेलच्या रस्त्याने शिकवलेला धडा

१३ मे २०१५ रोजी बोपखेल गावाचा रस्ता बंद झाला. बोपखेल पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीतले, मुळा नदीच्या काठावरचे जुने गाव. गावातून दापोडीला येणारा जवळचा रस्ता लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, म्हणजे सगळे ज्याला सीएमई म्हणतात त्याच्या आवारातून जात होता. पिढ्यान्‌पिढ्या लोक याच वाटेने गेले. दूधवाले गेले, शाळेची मुले गेली, कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारे कामगार गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल गावाच्या विरोधात गेला आणि फाटक लागले. दापोडीला पोहोचायला आता दिघीकडून दहा-पंधरा किलोमीटरचा वळसा पडू लागला. आठवडाभरात, २१ मे रोजी, आंदोलन चिघळले. दगडफेक झाली, लाठीमार झाला, गावातल्या अनेकांवर गुन्हे दाखल झाले.

त्या दिवसांत माझ्या वर्गातल्या एका मुलाने सरळ प्रश्न विचारला होता, "सर, इतकी वर्षं चाललेला रस्ता आपला कसा होत नाही?" हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे लांबलेले उत्तर आहे. मी वकील नाही, भाषेचा शिक्षक आहे. त्यामुळे सुरुवात शब्दांपासून करतो.

तीन भाषांतले तीन शब्द

दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा, पाणी नेण्याचा किंवा सांडपाणी सोडण्याचा जो हक्क असतो त्याला इंग्रजी कायद्यात ईझमेंट म्हणतात. त्याचे मूळ फ्रेंच भाषेतल्या सोय, आराम या अर्थाच्या शब्दात आहे. उर्दूत या कायद्याला 'हक-ए-आसाइश' म्हणतात. आसाइश म्हणजेही सुख, आराम. मराठी भाषांतरकारांनी 'सुविधाधिकार' हा शब्द घडवला. तिन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात : ही तुमची सोय आहे. पण ज्याच्या घराला दुसरी वाटच नाही त्याच्यासाठी ती सोय नसते, तो त्याचा श्वास असतो.

आपल्या गावांनी मात्र स्वतःचा शब्द वापरला : वहिवाट. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात आराम नाही, चालणे आहे. जी वाट वाहती राहिली ती वहिवाट. वापर हाच तिचा पुरावा. आणि वहिवाटीच्या शेजारी आपण नेहमी दुसरा शब्द ठेवतो, 'हक्क', जो अरबीतून आला. 'हक्क आणि वहिवाट' हे दोन शब्द जुन्या खरेदीखतांत जोडीने येतात. लिहिणाऱ्याला बरोबर ठाऊक होते की या दोन गोष्टी एक नाहीत, म्हणून तो दोन्ही लिहीत असे.

तिसरा शब्द 'परवानगी', फारसीतून आलेला. सगळा घोळ या तिसऱ्या शब्दाने होतो.

कायदा नेमके काय म्हणतो

भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ साली झाला, पण सुरुवातीला तो मुंबई इलाख्याला लागू नव्हता. इकडे तो १८९१ मध्ये आला. त्याच्या पंधराव्या कलमात वीस वर्षांची अट आहे. एखादी वाट तुम्ही वीस वर्षे शांतपणे, उघडपणे, खंड न पडता आणि हक्काने वापरली असेल तर तो हक्क पक्का होतो. जमीन सरकारची असेल तर वीसऐवजी तीस वर्षे लागतात.

यातला 'हक्काने' हा शब्द कळीचा आहे. मालकाच्या परवानगीने तुम्ही पन्नास वर्षे चाललात तरी ते हक्काने चालणे धरले जात नाही. ती मालकाची मेहेरबानी. कायद्याच्या भाषेत तो परवाना, आणि परवाना सहसा मागे घेता येतो. म्हणजे गंमत पाहा. शेजाऱ्याशी गोडीगुलाबीने वागून, दरवेळी 'दादा, जाऊ का?' विचारून जो गेला, त्याची बाजू कायद्यात लंगडी पडते. न विचारता गेला त्याची भक्कम होते. आपल्या समाजाची सगळी रीत विचारून जाण्याची आहे, आणि कायदा त्या रीतीला बक्षीस देत नाही.

तेराव्या कलमात गरजेचा हक्क आहे. मालकाने आपल्या जमिनीचा आतला तुकडा विकला आणि त्या तुकड्याला बाहेर पडायला दुसरी वाटच नसेल, तर विकणाऱ्याच्या उरलेल्या जमिनीतून वाट मिळते. पण तीही गरज असेपर्यंतच. दुसरी वाट निघाली की हा हक्क संपतो. ती दुसरी वाट लांबची आहे, वळशाची आहे, हे सांगून सहसा भागत नाही. गैरसोय वेगळी आणि गरज वेगळी.

वर्गातल्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. रस्ता किती वर्षे चालला यापेक्षा तो कोणत्या नात्याने चालला हे पाहिले जाते.

नकाशावर नसलेल्या वाटा

बोपखेल एकटे नाही. या पट्ट्यातल्या जवळपास प्रत्येक गावात अशा वाटा आहेत, कारण इंग्रजी मोजणीने त्या तशाच सोडल्या. पुणे जिल्ह्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी १८३६ साली इंदापूरपासून सुरू झाली आणि पुढे गावोगावचे नकाशे झाले. त्या नकाशांत एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारे रस्ते आले. गाडीवाटा तुटक रेषांनी दाखवल्या गेल्या, पायवाटाही आल्या. पायवाटेला सव्वाआठ फूट, गाडीवाटेला साडेसोळा ते एकवीस फूट अशी मापे महसुली कामात आजही सांगितली जातात. पण बांधाबांधाने स्वतःच्या शेतात जाण्याची वाट बहुतेक वेळा नकाशावर आलीच नाही. ती शेजाऱ्याशेजाऱ्यांतली गोष्ट मानली गेली.

तशी ती होतीही. सुगीच्या दिवसांत गाडी कुणाच्या बांधावरून न्यायची, पेरणी झाल्यावर कुठून वळायचे, हे ठरलेले असे. भांडण झालेच तर १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा होता, आजही आहे. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा करायचा, तहसीलदार जागेवर येऊन पाहणी करणार, अडथळा काढायचा हुकूम देणार. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम १४३ ने बांधावरून नवी वाट मागण्याचीही सोय केली. शेतकऱ्याला कमी खर्चात न्याय देणारे हे दोन कायदे. खेड, मावळ, हवेली या तालुक्यांतल्या कचेऱ्यांत अशी प्रकरणे सतत चालू असतात.

इथे एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. हनफी फिकहमध्ये 'शुफा' नावाचा हक्क आहे. जमीन विकायची झाली तर ती आधी कुणाला विचारायची, याची क्रमवारी त्यात लावली आहे. पहिला मान सहहिस्सेदाराचा. शेवटचा मान भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याचा. आणि मधला, म्हणजे शेजाऱ्याच्याही वरचा मान कुणाचा? ज्याची वाट किंवा पाणी तुमच्याशी सामायिक आहे त्याचा. नुसत्या भिंतीच्या शेजाऱ्यापेक्षा वाटेचा भागीदार जवळचा. शेकडो वर्षांपूर्वी फिकह लिहिणाऱ्यांना हे उमगले होते की वाट ही जमिनीवरची पट्टी नसते, ते माणसांमधले नाते असते. आपल्याकडच्या गावकीलाही तेच माहीत होते, फक्त तिने ते लिहिले नाही.

शेताचा बांध आणि कारखान्याचे फाटक

मग कारखाने आले. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ, आपली एमआयडीसी, स्थापन झाली आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळावर शेड उठू लागल्या. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले, १९८२ मध्ये महापालिका झाली, १९९७ मध्ये चिखली, तळवडे, मोशी, चऱ्होलीसारखी गावे हद्दीत आली. पुढे चाकणचा पट्टा भरला.

एमआयडीसीच्या आतले रस्ते आखीव, रुंद. प्राधिकरणाच्या पेठांतले रस्तेही तसेच. पण कामगार राहायला गेला कुठे? तो गेला गावठाणाच्या कडेला, शेतकऱ्याने गुंठा-दोन गुंठ्यांनी विकलेल्या जमिनीवर. स्टँप पेपरवर साठेखत, पैसे रोख, आणि रस्ता तोंडी. 'हा आठ फूट तुमचा रस्ता' असे विकणाऱ्याने बोट दाखवून सांगितले. शेताच्या वहिवाटीची जी पद्धत होती तीच त्याने घरांना लावली. बैलगाडीपुरती ती ठीक होती. तिथे आता पाण्याचा टँकर, रुग्णवाहिका आणि कंपनीची बस येणार होती. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने घरे नियमित करण्याचा मार्ग काढला, पण अरुंद वाट काही कागदाने रुंद होत नाही.

रुंद करायची तर कुणाची तरी जमीन घ्यावी लागते. सरकारने ती सक्तीने घेण्याची परंपरा जुनी आहे. मुंबई बेटावर रस्ते रुंद करण्यासाठी जमीन घेण्याचा कायदा १८३९ सालचा आहे. १८५७ चा कायदा सगळ्या इंग्रजी मुलखाला लागू झाला, १८७० चा त्यानंतरचा, आणि मग १८९४ चा भूसंपादन कायदा, जो थेट २०१३ पर्यंत चालला. या सगळ्या काळात मालकाला विचारणे ही औपचारिकता होती. नोटीस यायची, हरकत नोंदवायची, निवाडा व्हायचा. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने बाजारभावाच्या हिशेबावर शंभर टक्के दिलासा रक्कम आणली.

शहरात मात्र वाटाघाटीचा रस्ता १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातच होता. त्याच्या कलम १२६ प्रमाणे विकास आराखड्यातली जमीन तीन प्रकारे घेता येते : बोलणी करून पैसे देऊन, जमिनीच्या बदल्यात बांधकामाचा हक्क देऊन, किंवा सक्तीच्या संपादनाने. मधला प्रकार म्हणजे टीडीआर. २०२० च्या एकत्रित नियमावलीत दाट वस्तीच्या भागात जमिनीच्या तिप्पट आणि बाहेर दुप्पट असा त्याचा हिशेब आहे. ज्याच्याकडे एकर आहे त्याला हा सौदा परवडतो. तो टीडीआर बिल्डरला विकतो आणि उरलेल्या जमिनीला रुंद रस्ता मिळतो, भाव वाढतो. ज्याच्याकडे एक गुंठा आहे आणि त्यातला पाव गुंठा रस्त्यात जातो, त्याच्या हातात टीडीआरचा कागद ठेवून तो राहणार कुठे? आणि ज्याचे दुकान भाड्याचे आहे त्याचे नाव सातबाऱ्यावरच नसते, त्यामुळे बोलणी त्याच्याशी होतच नाहीत. रस्ता रुंदीकरणाला लोक विरोध करतात असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. माझ्या पाहण्यात रस्त्याला विरोध करणारा माणूस क्वचितच आला. न विचारता ठरवण्याला विरोध करणारे पुष्कळ भेटले.

तेरा घरांची बोलणी

अशी एक वाटाघाट मी जवळून पाहिली आहे, कारण तिचे कागद लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. महापालिकेच्या उत्तर भागातली गुंठेवारीची एक गल्ली. तेरा घरे. विकणाऱ्या शेतकऱ्याने सोडलेला आठ फुटी रस्ता. त्यात ड्रेनेजची लाइन आणि काँक्रीट बसत नव्हते. दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट सोडले तर बारा फूट होणार होते.

दोन फूट ऐकायला थोडे वाटतात. पण कुणाची त्या दोन फुटांत पायरी होती, कुणाचा ओटा, कुणाचे बोअर, कुणाचा जिना. सगळ्यांत आधी तयार झाल्या त्या गल्लीच्या शेवटच्या घरातल्या चाची, कारण रुग्णवाहिका आत न आल्याची झळ त्यांच्या घराने सोसली होती. पण त्यांनी अट घातली. "दो फुट ले लो बेटा, मगर लिख के दो. माझ्या भिंतीलगत सगळ्यांची पाण्याची लाइन जाणार. उद्या ती फुटली तर भिंत कोण बांधून देणार?" त्यांच्या या एका प्रश्नाने कागदाला पहिले कलम मिळाले : लाइनची दुरुस्ती तेरा घरांनी मिळून करायची.

तोंडावरचा प्लॉट मूळ शेतकऱ्याच्या मुलाचा. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्यांचे म्हणणे, "आमच्या वडलांनी शब्द दिला होता, तो मी पाळतोय. कागद कशाला?" त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. पण गल्लीतल्या एका रिक्षावाल्या भावाने हळूच म्हटले, "तात्या, तुमचा शब्द आहेच. तुमच्या मुलानं प्लॉट विकला तर घेणाऱ्याला शब्द कुठं ठाऊक?" तात्या बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लिहा सर. पण असं लिहा की मालकी माझीच, वाट सगळ्यांची."

त्यांनी चार शब्दांत सुविधाधिकाराची व्याख्या सांगितली होती. आम्ही तसेच लिहिले. जमीन ज्याची त्याची राहील, पण या पट्ट्यावरून तेराही घरांना, त्यांच्या वारसांना आणि पुढे विकत घेणाऱ्यांना कायम जाता येईल. वरून बाल्कनी काढायची नाही. गाडी लावायची नाही. लग्नाचा मांडव घालायचा तर रुग्णवाहिकेपुरती जागा ठेवायची. मी तो मसुदा मराठीत वाचला, मग दोन घरांतल्या वडीलधाऱ्यांसाठी उर्दूत समजावून सांगितला. वकिलाने तपासला आणि तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवला गेला, कारण स्थावर मिळकतीवर असा हक्क निर्माण करणाऱ्या दस्ताला नोंदणी लागते. बाराजणांनी सही केली. एकाने नाही केली. त्यांच्या घरापुढे गल्ली आजही दोन फुटांनी आत येते आणि टँकरवाला तिथे आरसा दुमडतो. पण बाकीची लाइन झाली, काँक्रीट झाले. त्या एका घराशी कुणी बोलणे तोडलेले नाही, आणि मला वाटते की तेही एक दिवस सही करतील.

ही बोलणी सात महिने चालली. त्यात पैशाची गोष्ट फार कमी निघाली. उद्या काय होईल, याचीच गोष्ट पुन्हा पुन्हा निघाली.

बोपखेलला काय मिळाले

रस्ता बंद झाल्यावर लष्कराने मुळा नदीवर खडकीच्या बाजूला तात्पुरता तरंगता पूल टाकून दिला. पावसाळ्यापुढे असा पूल टिकत नाही, तो काढावा लागला. महापालिकेने मग बोपखेल ते खडकी असा पक्का पूल बांधायला घेतला. पण पलीकडचा काठही संरक्षण खात्याचाच. लष्कराच्या जमिनीचा नियम असा की ती फुकट सुटत नाही. तिच्या किमतीइतकी दुसरी जमीन, पैसे किंवा बांधकाम द्यावे लागते. त्यामुळे पुलाच्या कामाइतकीच दिल्लीपर्यंतची बोलणी चालली. नव्या वाटेसाठी गावाने जवळपास दशकभर वाट पाहिली. या काळात जी मुले पहिलीत होती ती दहावीला आली.

लष्कराची बाजूही समजून घ्यायला हवी. सीएमई १९४८ मध्ये रुरकीहून इथे आली. तेव्हा या भागात शेते आणि माळ होता. लष्करी आवारातून रोज हजारो लोकांची ये-जा आणि सुरक्षितता यांचा मेळ घालणे सोपे नाही. पण नेमके म्हणूनच, जेव्हा गाव लहान होते, वाहने थोडी होती आणि दोन्हीकडे सलोखा होता, तेव्हा बसून लिहून घ्यायला हवे होते : ही वाट राहील, किंवा ही वाट बंद करायची तर आधी दुसरी दिली जाईल. सलोख्याच्या दिवसांत असा कागद मागणे आपल्याला अविश्वासाचे वाटते. तंटा सुरू झाल्यावर तो मागायला गेले की समोरचा देत नाही.

चाकणच्या बाजूला आता याच प्रश्नाचे महागडे उत्तर शोधले जात आहे. पुणे-नाशिक महामार्गावर नाशिक फाटा ते खेड असा सुमारे ३० किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला. खर्च ७,८२७ कोटी रुपये. जमिनीवर वाट उरली नाही की माणूस आकाशात वाट शोधतो.

आणि एक चांगली गोष्ट. २०२५ च्या मे महिन्यात राज्याच्या महसूल विभागाने शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद ठेवावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात घ्यावी असा निर्णय केला. दीडशे वर्षांहून जास्त काळ नकाशाबाहेर राहिलेली बांधाची वाट आता कागदावर येऊ शकते. ज्यांची शेती खेड, मावळ, मुळशीत आहे, त्यांनी जमीन विकायच्या किंवा वाटणी करायच्या आधी ही नोंद करून घ्यावी. ज्यांची घरे गुंठेवारीत आहेत, त्यांनी आपल्या गल्लीचा रस्ता कुठल्या कागदावर आहे ते एकदा काढून पाहावे. कागद नसेल तर शेजाऱ्यांना चहाला बोलवा. भांडण नसताना बोलवा. वहिवाट तुमच्या पायांनी घडवली आहे, तिला हक्काचे रूप सहीने द्यावे लागते, आणि ती सही शेजारी जिवंत आणि हसतमुख असताना घ्यायची असते.